ताकदीची सुई

सिंधू चौथ्या बाळंतपणातून उठली ती भिंतीला धरूनच. लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि त्यातली तीन वर्षं ती दोन जिवांची होती. नवरा चिंतामण अमरावतीच्या एका हायस्कुलात संस्कृत शिकवायचा आणि सुट्टीच्या दिवशी राजापेठेतल्या चार घरच्या पूजा सांगायचा. माणूस सज्जन. इतका सज्जन की कुठलाही प्रश्न पडला की आधी आईला विचारायचा. आई म्हणजे गोदाबाई, घरातलं हायकोर्ट. सासरे बापूसाहेब आयुष्यभर वकिली करून निवृत्त झाले होते, पण या कोर्टात त्यांनीही एक खटला जिंकल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

गोदाबाई दुष्ट नव्हत्या. सुनेला उपाशी ठेवणं, टोमणे मारणं असलं काही त्यांच्यात नव्हतं. त्यांना फक्त दोन गोष्टी लागत. सोवळं कडक आणि पाळण्यात लेकरू.

१९६७ सालच्या उन्हाळ्यात धाकटा वर्षाचा झाला आणि सिंधू माहेरी अकोल्याला गेली. तिथे तिची शाळेतली मैत्रीण शकुन डॉक्टर होऊन जठारपेठेत दवाखाना चालवत होती. शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या आणि शिक्षाही एकत्रच भोगायच्या. सिंधूला बघितल्याबरोबर शकुनने तिची पापणी खाली ओढून पाहिली.

"अंगात रक्ताचा थेंब नाही तुझ्या. किती झाली?"

"चार."

"पाचवं हवंय?"

"पाचवं झालं तर तूच येऊन माझ्या लेकरांच्या वेण्या घालशील," सिंधू म्हणाली. "काहीतरी सांग बाई. ती पोटात बसवायची लूप, तिची मला भीती वाटते. यांच्या ऑपरेशनचं नाव काढलं तर सासूबाई अंबादेवीच्या पायरीवर जाऊन बसतील. गोळ्या म्हणशील तर घरात माझी स्वतःची अशी एक डबीसुद्धा नाही, जी सासूबाई उघडत नाहीत."

शकुनने जरा विचार केला. मग दार लोटून घेतलं. परदेशात एक इंजेक्शन निघालं होतं, बाईने तीन महिन्यांतून एकदा घ्यायचं. शकुनच्या मुंबईच्या प्राध्यापिका त्याच्या चाचण्या घेत होत्या आणि त्यांनी थोड्या बाटल्या शकुनला दिल्या होत्या.

"पण नवं आहे," शकुन म्हणाली. "आधी सगळं ऐक, मग मान हलव. पाळीचं गणित बिघडतं. कुणाला थोडं थोडं जातच राहतं, कुणाचं साफ बंद होतं. वजन वाढतं. कुणाचं डोकं दुखतं, कुणी उदास होऊन बसते. आणि एकदा टोचलं की टोचलं. त्रास झाला म्हणून परत काढून घेता येत नाही, अंमल उतरेपर्यंत सोसावं लागतं. पुढे मूल हवंसं वाटलं तर लगेच राहील असंही नाही. वर्षभर वाट पाहावी लागते कधीकधी."

"आणि फायदा?"

"तीन महिने दिवस राहण्याची धास्ती नाही. रोज आठवण ठेवायला नको. अंगावरचं दूध जात नाही. आणि घरात कुणाला काही दिसत नाही."

सिंधूने शेवटचं वाक्य ऐकलं आणि पदर खांद्यावरून खाली घेतला.

"थांब," शकुन म्हणाली. "चिंतामणरावांना विचारलंस?"

"त्यांना विचारलं की ते आईला विचारणार. मग एवढ्या लांबून कशाला, सासूबाईंनाच टोच की."

शकुन हसली. तिने रक्तदाब बघितला, नीट तपासलं, आणि सुई दिली. मुंगी चावावी तेवढंच. सिंधूला खरं म्हणजे जरा निराशाच वाटली. एवढी मोठी गोष्ट आणि एवढीशी कळ.

अमरावतीला परतल्यावर आठवड्याभरात गणित बिघडलं. थोडं दिसलं आणि सिंधू रिवाजाप्रमाणे अंगणाकडच्या खोलीत बाजूला बसली. स्वयंपाकघर गोदाबाईंकडे गेलं. चार दिवस झाले, पाचव्या दिवशी न्हायची वेळ, तर अजून थांबलेलं नव्हतं. सहावा गेला, आठवा गेला. एखाद्या दिवशी काहीच नसे, दुसऱ्या दिवशी पुन्हा डाग. त्रास असा फार नव्हता. कंबर जराशी भरून यायची, डोकं जड व्हायचं. पण सोवळं म्हणजे सोवळं.

आठ वर्षांत पहिल्यांदाच सिंधूची पाठ इतके दिवस दुपारची जमिनीला टेकली. थोरली मुलगी तारा वाचनालयातून मासिकं आणून लांबूनच सरकवायची. धाकटा तेवढा तिच्याजवळ असायचा, कारण अंगावर पिणाऱ्याला विटाळ नसतो. जेवणाचं ताट उंबऱ्याशी यायचं. आतून गोदाबाईंच्या गुडघ्यांची कुरकुर आणि भाकरी थापल्याचा आवाज ऐकू यायचा. एकदा दोन दिवस काहीच दिसलं नाही, तेव्हा सिंधूच्या मनात आलं की आता उठावं. मग वाटलं, उद्या परत आलं तर देवघर बाटेल, उगाच सासूबाईंना पाप. तिने कूस बदलली आणि अर्धी राहिलेली गोष्ट वाचायला घेतली.

आत मात्र दिवस कठीण आले होते. भाकऱ्या थापून गोदाबाईंच्या गुडघ्यांनी संप केला. बापूसाहेबांना सलग तिसऱ्या दिवशी पिठलं मिळालं तेव्हा त्यांनी ताटाकडे बघून फक्त "हं" म्हटलं, आणि या घरात ती मोठीच तक्रार होती.

शेवटी गोदाबाईंनी मुलाला बोलावलं.

"चिंतू, हे किती दिवस चालून राहिलं? शास्त्रात काय सांगितलं ते पाह्य जरा."

चिंतामणने दुपारभर पोथ्या चाळल्या. त्याचेही पोटाचे हाल होत होतेच. संध्याकाळी त्याने निकाल आणला. "आई, विटाळ चार दिवसांचा. त्यापुढे चाललं तर तो रोग. पाचव्या दिवशी न्हालं की बाई शुद्ध. निदान चुलीपुरती तरी."

"मंग हे पयल्या आठवड्यातच काहून नाई सांगितलं?" गोदाबाई म्हणाल्या, आणि तिथूनच हाक मारली, "सिंधू, नाहून घे आणि कणीक भिजव."

सिंधूला पुढची गोष्ट अर्धीच सोडून उठावं लागलं.

जून सरता सरता सगळं थांबलं. मग असं थांबलं की पुन्हा आलंच नाही. जुलै गेला. सिंधूच्या गालांवर मांस आलं. चोळ्या दंडात रुतायला लागल्या. पूर्वी जिना चढताना धाप लागायची ती कमी झाली, कारण महिन्याच्या महिन्याला जाणारं रक्त अंगातच राहत होतं. भूकही लागायची भारी. ती एकदा उभ्याउभ्या शेंगदाण्याच्या चटणीशी दोन भाकरी खाताना गोदाबाईंनी पाहिलं. त्यांनी मनाशी दिवस मोजले, सुनेच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि समाधानाने देवापुढे साखर ठेवली.

चिंतामणला ही बातमी आईकडून कळली. तो अंगणात आला तेव्हा सिंधू दोरीवर लेकरांचे कपडे वाळत घालत होती. त्याचा चेहरा कोर्टात शिक्षा ऐकलेल्या माणसासारखा झाला होता.

"सिंधू, आई म्हणते ते खरं आहे?"

"काय म्हणतात?"

"पाचवं. अगं, मागच्या वेळी तू अशी पांढरी पडली होतीस की मी दारामागे उभा राहून रडलो. मी काळजी घ्यायला हवी होती. चूक माझीच आहे."

तो दारामागे रडल्याचं सिंधूला माहीत नव्हतं. त्याला अजून थोडं तंगवावं असा तिचा बेत होता, तो तिने सोडून दिला. हातातला लेंगा पिळत तिने अकोल्याची हकिगत सांगितली.

चिंतामण आधी पायरीवर बसला. मग एकदम हसायला लागला, इतका की डोळ्यांतून पाणी आलं. हसून झाल्यावर त्याने डोळे पुसले.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आईंना विचारलं असतं."

"हो," तो म्हणाला. "विचारलं असतं." आणि थोड्या वेळाने, "आता आईला काय सांगायचं?"

"तुम्ही काही सांगू नका. तुमच्या तोंडावर खोटं टिकत नाही. तुम्ही फक्त लाजत जा."

चिंतामणला ते जमलं. आई काही बोलली की तो मान खाली घालायचा, आणि गोदाबाईंना बरं वाटायचं.

दुसऱ्या सुईची वेळ ऑगस्टात आली. अकोल्याला जायला निमित्त नव्हतं, म्हणून शकुनने बाटली आपल्या ओळखीच्या नर्सबरोबर पाठवली. मैना तिचं नाव. अमरावतीच्या एका दवाखान्यात नोकरीला होती, चांदूर बाजारकडची, बौद्ध झालेल्या घरातली, बोलायला फटकळ. पांढरं पातळ नेसून, हातात चामड्याची पिशवी घेऊन ती भरदुपारी पुढच्या दाराशी उभी राहिली, आणि दार नेमकं गोदाबाईंनीच उघडलं.

"सिंधूबाई हायेत का? अकोल्याच्या डाक्टरीणबाईनं धाडलं मले. सुई द्याची हाय."

आतून सिंधू लगबगीने माजघराच्या दारात आली. गोदाबाईंचा चेहरा मात्र उजळला.

"सुई? ताकदीची काय?"

मैनाने आत उभ्या असलेल्या सिंधूकडे पाहिलं. सिंधूने डोळ्यांनी हात जोडले.

"घेतली का ताकद येते बाईच्या अंगात," मैना म्हणाली. "दर तीन मयन्यानं घ्या लागते. उशीर झाला त उपेग नाई."

"मंग उशीर कशाले? या आत."

गोदाबाईंनी तिला ओसरीवर बसवलं. सुई पाहिल्यावर सिंधू घाबरते अशी त्यांची समजूत, म्हणून त्या स्वतः सुनेचा हात घट्ट धरून बसल्या. "तिकडं पाहू नको, माह्याकडं पाह्य," असं म्हणत राहिल्या. मैनाने स्पिरिट लावलं, सुई दिली, कापूस दाबला. सिंधू सासूच्या तोंडाकडे बघत होती आणि हसू आवरताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गोदाबाईंना वाटलं दुखलं.

"आमच्या टायमाले असं काई नव्हतं," त्या मैनाला म्हणाल्या. "मले नऊ झाले. वाचले दोन."

"असती त तुमी बी घेतली असती," मैना म्हणाली.

"घेतली असती ना. काहून नाई घेणार?"

चहा आला तो अंगणातल्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपातून. मैनाने कपाकडे पाहिलं, मग घरातल्या पितळी पेल्यांकडे, आणि पिशवी उचलली. "राहू द्या बाई. तुमचे कप बदलले का येईन चहाले. सुई द्याले येतच राहीन." गोदाबाईंनी चहा ओतून टाकून कप पुन्हा कोनाड्यात ठेवला. दोन दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी कोनाड्यातला कप दिसेनासा झाला. तो फुटला की फोडला ते कुणी विचारलं नाही.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने सिंधूने सुखात काढले. गोदाबाईंनी डोहाळे पुरवायचा चंग बांधला होता. आंबाडीची भाजी हवी का, पाटवड्यांचा रस्सा हवा का, गव्हाची खीर हवी का. सिंधू कशालाच नाही म्हणायची नाही. वजन आणखी वाढलं. शकुनने निरोप धाडला की इंजेक्शनाने थोडं वाढतं, एवढं वाढत नाही, जरा तोंड आवर. डोकं अधूनमधून दुखायचं, तेव्हा गोदाबाई स्वतः सुंठ उगाळून लावायच्या. त्यांच्या खरखरीत बोटांखाली पडून राहताना सिंधूला पहिल्यांदा मनात टोचायला लागलं. थट्टा लांबली होती. आज सांगू, उद्या सांगू करता करता दिवाळी आली, आणि गोदाबाईंनी जाहीर केलं की पाचव्या महिन्याची ओटी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी भरायची. पंचवीस बायकांना सांगावेही गेले.

भाऊबीजेला गोदाबाईंची लेक कुंदा बाळापूरहून आली. मोटारीतून उतरताना तिला चिंतामणने हात दिला. तिला पाच लेकरं. गेल्या बाळंतपणात बाटलीने रक्त द्यावं लागलं होतं. सिंधूपेक्षा दोन वर्षांनी लहान, पण दिसत होती थोरल्या नणंदेसारखी. दुपारी माजघरात तिघी करंज्या भरत बसल्या असताना ती सिंधूकडे बघून म्हणाली,

"वहिनी, तुले भीती नाई वाटत? मले त रोज रात्री वाटते. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं, आता राहिलं त बाई हातची जाईल. यांना सांगितलं त हे म्हणतात, देवाच्या हातात आहे."

गोदाबाईंचा हात करंजीवर थांबला. लेकीने हे आजवर त्यांना सांगितलं नव्हतं.

सिंधूजवळ अजून वाट होती. दोन दिवसांनी पोट दुखून गर्भ पडल्याचं सोंग केलं असतं तर प्रकरण मिटलं असतं आणि कुणाला काही कळलं नसतं. तिने सारणाची वाटी बाजूला सरकवली.

"मला भीती नाही वाटत, कारण मला दिवस नाहीत," ती म्हणाली. "सासूबाई, ती सुई ताकदीची नव्हती. मूल न राहण्याची होती."

मग तिने सगळं सांगितलं, अकोल्यापासून मैनापर्यंत. गोदाबाई ऐकत राहिल्या. करंजीची कड मुरडायची राहून गेली होती, ती त्यांनी सावकाश मुरडली आणि ताटात ठेवली.

"म्हणजे ते सुई मी हात धरून देवविली?"

"हो."

"आन् ते खीर, त्या पाटवड्या?"

गोदाबाई उठल्या, देवघरात गेल्या आणि दार ओढून घेतलं. बाहेर कुंदा घाबरून वहिनीचा हात धरून बसली. बापूसाहेब पाणी प्यायला आले, दोघींचे चेहरे बघितले आणि पाणी न पिताच गेले.

दार उघडलं तेव्हा गोदाबाईंचे डोळे लाल होते.

"मले येडी बनवलं तू," त्या सिंधूला म्हणाल्या. "हे मी इसरणार नाई. सात लेकरं मी मातीत ठेवले, म्हणून पाळणा हलता पाह्यजे म्हणते मी. ते तुले कसं समजंल." मग लेकीकडे बघून, आवाज बदलून, "ते सुई हिले चालंल का?"

पंचवीस बायका दुसऱ्या दिवशी येणारच होत्या. गोदाबाईंनी सांगावे फिरवले नाहीत. बायका आल्या, सिंधूचं भरलेलं अंग बघून एकमेकींना कोपर मारू लागल्या. गोदाबाईंनी सगळ्यांना पोटभर जेवू घातलं आणि मग सांगितलं की ही ओटी अंबादेवीची, नवस होता. "आणि सिंधू?" एकीने विचारलंच. "तिचं काय?" गोदाबाई म्हणाल्या. "माह्या हातचं खाऊन खाऊन जाड झाली ते. तुमच्या सुना नाई होत, त्याले मी काय करू?"

आठ दिवसांनी त्या लेकीला घेऊन अकोल्याला शकुनच्या दवाखान्यात गेल्या. सिंधूही बरोबर होती, कारण तिसरी सुई घ्यायची होती. गोदाबाईंनी शकुनची उलटतपासणी घेतली, ती बापूसाहेबांनी ऐकायला हवी होती. किती दिवस जातं, जास्त गेलं तर काय, अंगात रक्त कमी असलं तर काय, डोकं दुखलं तर काय. शकुनने काहीच लपवलं नाही. लगेच सुई द्यायलाही ती तयार नव्हती. आधी महिनाभर लोहाच्या गोळ्या, रक्त जरा वर येऊ दे, आणि तोवर कुंदा माहेरीच राहू दे, असं तिचं म्हणणं. कुंदा माहेरी राहिली. जावईबापूंना निरोप गेला की सासूबाईंचे गुडघे धरले आहेत.

सिंधूला मानवलेली सुई कुंदाला मानवली नाही. रक्तस्राव फार झाला नाही, पण डोकं उठायचं ते दोन-दोन दिवस उठायचं. मन असं खाली जायचं की ती चुलीसमोर बसून कारण नसताना रडायची. दुसऱ्या सुईनंतर शकुनने सांगितलं की हिला आता हे बंद, अंमल आपोआप उतरेल, पण उतरण्याआधी दुसरा उपाय करा. कुंदा म्हणाली, "माह्यं नशीबच तसं." गोदाबाई म्हणाल्या, "नशिबाले काहून नावं ठेवतं? बाळापुरात एक माणूस धडधाकट बसला आहे ना."

त्या एकट्या मोटारीत बसून बाळापूरला गेल्या. जावयाशी त्या काय बोलल्या ते कुणालाच कळलं नाही. जावयाच्या घरच्या गड्याने नंतर एवढंच सांगितलं की बाई बोलत होत्या आणि जावईबापू दाराकडे बघत होते, पण बाई दारातच बसल्या होत्या. पंधरा दिवसांत जावईबापू अकोल्याच्या एका दवाखान्यात दाखल झाले आणि तासाभरात बाहेर आले. भाऊबंदांना गोदाबाईंनी सांगितलं की त्यांचं अंतर्गळाचं, म्हणजे हर्नियाचं, ऑपरेशन झालं. शकुनने बजावून ठेवलं होतं की पहिले तीन महिने नसबंदीचा भरवसा धरायचा नाही. तेवढे दिवस गोदाबाईंनी लेकीला आपल्याजवळच ठेवून घेतलं.

सिंधूने पाच सुया घेतल्या. मग मुंबईहून बाटल्या यायच्या बंद झाल्या. पाळी परत यायला आठ महिने लागले, वजन उतरायला त्याहून जास्त, आणि ते पूर्ण उतरलंच नाही. पुढे तिने लूप बसवून घेतली, यावेळी नवऱ्याला बरोबर नेऊन. पाचवं मूल झालं नाही. गोदाबाईंनी तिला पूर्ण माफ केलं की नाही हे सांगता येत नाही. "या बाईच्या हातची ताकदीची खीर जपून खा" असं त्या पाहुण्यांना सांगत आणि सिंधू मान खाली घालून वाढत राही.

ऑपरेशननंतर जावईबापू आठ दिवस अमरावतीला विश्रांतीला होते. अंतर्गळाचं ऐकून नातेवाईक मृगबहाराची संत्री घेऊन भेटायला यायचे, उशाशी बसायचे आणि जड काही उचलू नका असं सांगून जायचे. जावईबापू भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. संत्री कुंदा खायची, ओसरीवर सकाळच्या उन्हात बसून, सालं अंगणात टाकत.